चुन्याची कड

भाड्यानं जागा देताना माणसं काय काय विचारतात. लग्न झालंय का, मटण-मासळी खाता का, गावाकडची माणसं सारखी येणार का. भिंगारच्या माझ्या घरमालकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि म्हणाले, "डोळे अर्धे मिट."

मी तिसगावची. आमच्याकडे अनोळखी म्हाताऱ्यानं डोळे मिट म्हटलं तर पोरी आधी पायातली चप्पल चाचपतात. पण ओट्यावर त्यांची म्हातारी बायको, पुढं माझ्या काकू, बसली होती, ती हसून म्हणाली, "मिट गं बाई. सगळ्यांनाच मिटायला लावतात ते. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही." म्हणून मी मिटले. पापण्यांच्या फटीतून घर धूसर झालं. भिंत, ओटा, दार सगळं एकमेकांत मिसळलं आणि त्यात नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्या. प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर रुंद चुना ओढलेला होता.

"आता सांग, पायरी कुठं हाय?"

"ही काय, समोर."

"दिसती ना? मग झालं. जागा तुझी. फकस्त कडंवर चप्पल घासायची न्हाई. चुना जातो."

त्या घरात मी लग्न होईपर्यंत राहिले. भिंगारच्याच एका शाळेत शिकवायचे, शनिवारी दुपारी एसटीनं गावाकडं जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो आणि आम्हीही तसंच म्हणतो. त्या मधल्या काळात माझा जितका वेळ पोरांना पाढे शिकवण्यात गेला, तितकाच त्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्यातच जास्त गोडी होती.

घरमालक काका उंच, काटकुळे, खाकी शर्ट कायम अंगात. लष्कराच्या डेपोत ते रंगारी होते. शिपाई नव्हेत, साध्या कपड्यातले नोकर. रणगाडे आणि गाड्या दुरुस्त होऊन आल्या की त्यांना मातीचा, झाडीचा रंग द्यायचा, हे त्यांचं काम. मूळचे पाथर्डीच्या पलीकडच्या कोरड्या पट्ट्यातले. तिथली बोली तोंडातून गेली नव्हती आणि वर डेपोतलं हिंदी चढलं होतं. राग आला की "ढीला काम नहीं चलेगा" म्हणायचे, आणि राग त्यांना बहुतेक ढिल्या कामाचाच यायचा.

घरात जिथं म्हणून एक वस्तू संपून दुसरी सुरू होते, तिथं काकांचा हात फिरलेला असे. उंबऱ्याला चुना, मोरीच्या कठड्याला चुना, हौदाच्या काठाला चुना. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या बटणांच्या पाटीला चारी बाजूंनी काळी चिकटपट्टी. काकूंच्या पलंगावरची चादर गडद काठाची, कारण पलंग कुठं संपतो ते दिसलं पाहिजे. ताटल्या दोन तऱ्हेच्या होत्या. भाकरी पांढऱ्या ताटलीत आणि भात काळपट हिरवीत. चहा काळ्या मगात, कारण दुधाचा चहा काळ्यात कुठवर आलाय ते कळतं. एकदा मी न कळून काकूंना पांढऱ्या ताटलीत दहीभात दिला, तर म्हातारा स्वयंपाकघरात येऊन उभाच राहिला.

"पांढऱ्यावर पांढरं वाढता, अन् मग म्हनता म्हातारी जेवत न्हाई!"

"अहो, तिला काय माहीत," काकू म्हणाल्या. "आणि मी चाचपून खाते की."

"चाचपून न्हाई खायचं. बघून खायचं."

हे "बघून" त्यांच्या तोंडी दिवसभर असे. बघून उठ, बघून बस, बघून पाय टाक. काकूंना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढत वाढत नजर खाऊन टाकतो, तो आजार. पण आंधळ्या नव्हत्या त्या. पेपरमधली काळी अक्षरं वाचायच्या, सुईत दोरा ओवून द्या म्हणायच्या पण टाका स्वतः घालायच्या. फिकं मात्र त्यांना दिसेना. एका रंगाच्या दोन गोष्टी शेजारी आल्या की त्यांच्यालेखी ती एकच गोष्ट होई.

सकाळी मी केस विंचरायला गच्चीवर गेले की काका कठड्याशी उभे असत. भिंगारच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्यावर डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर चांदबीबीचा महाल. काका त्याच्याकडे बघत आणि खाली ओट्यावर बसलेल्या काकूंना ओरडून सांगत, "आज डोंगर जवळ आलाय!" किंवा, "आज पार लांब गेला. जेवायला यायचा न्हाई."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "काका, डोंगर काय एसटी आहे का, यायला आणि जायला?"

ते हसले नाहीत. ते फार कमी हसायचे. "डोंगर हालत न्हाई हे मलाबी ठावं हाय. तुझा डोळा हालवतो त्याला. पाऊस पडून हवा धुतली का डोंगराची कड आभाळावर काळीभोर उठती. कड उठली का डोळा म्हनतो, जवळ हाय. चैतात धुरळा भरला का डोंगर आभाळाच्याच रंगाचा हुतो. मंग डोळा म्हनतो, लांब गेला. मानूस तेवढ्यावर अंतर धरतं."

"दुरून डोंगर साजरे," मी चेष्टेनं म्हटलं.

"साजरे कशानं दिसत्यात ते सांग की मंग," ते म्हणाले आणि खाली निघून गेले.

पुढं मला खोडच लागली. दर शनिवारी एसटी त्या डोंगराखालून जायची आणि मी खिडकीतून मान काढून बघायचे. पावसाळ्यात हात लांबवला तर हाताला लागेल असा, आणि उन्हाळ्यात तोच डोंगर, तेच अंतर, पण कुठं तरी दुसऱ्या तालुक्यात असल्यागत. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, ताई, कुणी राहतं का तुमचं वर? आता काय सांगू तिला!

डेपोतलं काम याच्या नेमकं उलटं, असं काका सांगायचे. तिथं शत्रूच्या डोळ्याला जवळचं लांब करायचं, गोल असेल ते सपाट करायचं. मला पटेना, तर त्यांनी एक दिवस स्वयंपाकघरातला दुधी भोपळा उचलला आणि मला दाखवला. उजेड वरून पडतो, म्हणून दुधी वर उजळ दिसतो आणि पोटाखाली सावली पडते. त्या उजळ-गडदावरून डोळ्याला कळतं, हा गोल आहे. मग त्यांनी तो दुधी रंगवला. पाठीवर गडद, पोटाकडं हळूहळू फिकट, सावली पडते तिथं सगळ्यात फिकट. ओट्याच्या टोकाला ठेवला आणि मला फाटकापाशी उभं केलं. देवाशप्पथ, तिथं दुधी नव्हता. फळीचा एक तुकडा पडल्यासारखा दिसत होता.

"खायचा भोपळा रंगवून ठेवला या माणसानं," काकू म्हणाल्या. "आता संध्याकाळी काय, रणगाड्याची भाजी करू?"

मी पोट धरून हसले. काकांनी तो दुधी उचलला, परसात नेला आणि खड्डा करून पुरला. नुसता टाकून दिला असता तर मला काही वाटलं नसतं. पण माती ओढताना त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझं हसू तिथंच थांबलं.

काकूंनीच मग सांगितलं. मी यायच्या आधीच्या दिवाळीला काकांनी परसातल्या पायऱ्या रंगवल्या होत्या. मागच्या दारातून उतरून तुळशीपाशी जायचं, त्या पायऱ्या. सिमेंटच्या, डागाळलेल्या, कुठं काळ्या, कुठं शेवाळलेल्या. काकांच्या डोळ्याला त्या खुपत होत्या. त्यांनी स्वतः रंग कालवला, परसातल्या मातीशी तंतोतंत जुळणारा. अंगण आणि पायऱ्या सगळं एका रंगात. आणि रंगवता रंगवता आयुष्यभराची सवय हातात उतरली. पायरीच्या उभ्या बाजूवर सावली पडते, ती गडद दिसते. काकांच्या हातानं तिथं आपोआप थोडा फिकट रंग दिला. उभी बाजू आणि आडवी बाजू डोळ्याला एकच झाली. एकजीव काम झालं होतं. शेजारच्या आत्यासुद्धा बघायला आल्या आणि छान छान म्हणून गेल्या.

ढगाळ दिवस होता. दुपारी काकू तुळशीला पाणी घालायला तांब्या घेऊन निघाल्या आणि खाली कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं.

"दवाखान्यात हे माझ्यावरच ओरडले," काकू म्हणाल्या. "नीट बघून चालता येत नाही का म्हणाले. मी म्हटलं, बघूनच चालत होते. तिथं पायरी नव्हती."

"मग?"

"मग काय. घरी गेले, मागच्या दारात उभे राहिले म्हणे. डोळे अर्धे मिटून बघितलं. आत्या सांगत होत्या, बराच वेळ उभे होते, मग तिथंच खाली बसले."

पुढं खुबा बसला, काठीनं चालायला लागल्या, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. तक्त्यावरची अक्षरं काकूंनी बरीच खालपर्यंत वाचली. काकांना वाटलं, मग डोळे ठीकच की, बाई वेंधळीच. डॉक्टरीणबाईंनी दुसरा तक्ता लावला. त्यावर अक्षरं सगळी एका मापाची, पण काळ्यापासून फिकट फिकट होत गेलेली. काकू दोन ओळींनंतर थांबल्या. म्हणाल्या, पुढं कागद कोराच आहे. डॉक्टरीणबाई काकांना म्हणाल्या, "आजोबा, यांना बारीक दिसतं, पण फिकट दिसत नाही. पायरी, खड्डा, उतार आपण कडेवरून ओळखतो, आणि कड म्हणजे दोन रंगांतला फरक. तो जिथं कमी तिथं यांना जमीन सपाट दिसणार. घरात रंगांचा फरक ठेवा."

ज्या माणसानं सगळी नोकरी तो फरक पुसण्यात घालवली, त्याला हे सांगायला डॉक्टर लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. काकू मात्र हे सांगताना हसत होत्या. "शत्रूला फसवायला शिकले आणि फसवलं कुणाला, तर बायकोला!" त्या हे आल्यागेल्याला सांगायच्या आणि मोकळेपणानं हसायच्या. त्यांनी केव्हाच माफ करून टाकलं होतं. काका ते ऐकलं की उठून जायचे.

एकदाच ते माझ्याशी त्यावर बोलले. परसातल्या त्याच पायऱ्यांवर चुना ओढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सगळ्या नोकरीत माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं न्हवतं, पोरी." मी चुन्याची बादली पुढं सरकवली.

चुन्याचं त्यांचं एक शास्त्रच होतं. ऑइल पेंट का नाही लावत, एकदा लावला की झालं, असं मी विचारलं होतं. तर म्हणे, ऑइल पेंटवर पाय सरकतो, शिवाय तो मळतो आणि मळला तरी माणूस म्हणतं, आहे की रंग. चुना झिजतो, म्हणून दर आठवड्याला बघावं लागतं. सोमवारी सकाळी आंघोळीच्या आधी ते कडा ओढायला बसत. ओला चुना दिसत नाही, नुसतं पाणी मारल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, काका, काहीच आलं नाही. ते म्हणायचे, "आत्ता न्हाई दिसायचा. वाळू दे. दुपारी बघ." आणि दुपारी शाळेतून यावं तर घर लखलखत असायचं.

हे वेड घरापुरतं राहिलं असतं तर ठीक. बाजारपेठेत एका बँकेनं नव्या चकचकीत काळ्या पायऱ्या केल्या होत्या, एकाला एक लागून, कुठं सांधा दिसू नये अशा. काका पेन्शनच्या दाखल्यासाठी गेले आणि पिशवीतून चुन्याचा डबा काढून खाली बसले. वॉचमन धावत आला. हे म्हणतात, बायका पडतील. तो म्हणतो, साहेब ओरडतील. शेवटी साहेब आले आणि खरंच ओरडले. काकांना स्वतःच्याच रुमालानं चुना पुसायला लावला. घरी येऊन त्यांनी तो रुमाल दोरीवर वाळत घातला. काकू म्हणाल्या, "बरं झालं, धुऊन घेतलं. नाहीतर उद्या वेशीच्या कमानीला चुना लावायला गेले असते."

हसण्यावारी नेत होत्या काकू, पण एका बाबतीत त्यांचं हसू पुरत नव्हतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक जुना कडुलिंब आहे, त्याला दगडी पार आहे. चार वाजले की गल्लीतल्या बाया तिथं जमतात. शेंगा सोलायच्या, लसूण निवडायचा, जगाची उणीदुणी काढायची. काकू लग्न होऊन आल्यापासून तिथं बसणाऱ्या. पडल्यापासून गेल्या नव्हत्या. ओट्याच्या शेवटच्या पायरीवर यायच्या, उभ्या राहायच्या, आणि परत फिरायच्या. लिंब ओट्यावरून दिसायचा. बायांचं हसणं ऐकू यायचं.

"कुणी हात धरला तर जाईन," त्या म्हणायच्या. आणि काका हात धरत नसत.

मला हे फार दिवस कळलंच नाही. एका दुपारी मी माडीच्या जिन्यात होते. खाली काकू शेवटच्या पायरीवर उभ्या, काठी एका हातात, दुसरा हात हवेत काहीतरी शोधतोय. आणि काका समोर दोन हात अंतरावर उभे, हात पाठीमागं बांधून. "उतर," म्हणतायत. "कड बघ अन् उतर." मला राहवलं नाही. मी धडधडत खाली गेले आणि काकूंचा हात धरला.

"हात सोड तिचा!" काका असे ओरडले की दारातली मांजर पळाली.

राग आला की माझी तिसगावची बोली बाहेर येते. "मानूस हायेत का कोन तुमी? आधी बायकूला पाडलं, आता बघत उभं ऱ्हायलात? हात धराया लाज वाटती व्हय?"

आत्या त्यांच्या दारात आल्या. काकू "असू दे गं, असू दे" म्हणत राहिल्या. काका वळले आणि परसात गेले. वळताना मला त्यांचे मागचे हात दिसले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं आवळून धरलं होतं की बोटं उमटली होती.

थोड्या वेळानं मीच गेले परसात. माझा राग पाण्यासारखा, चढतो तसा उतरतो. काका हौदाच्या कठड्यावर बसले होते. खिशातून एक छोटी डबी काढून त्यांनी माझ्यापुढं धरली.

"ही जिभंखाली ठेवायची गोळी. छातीत कळ आली तर. तिला सांगू नको."

मी मान डोलावली.

"माझं काय, आज हाय, उद्या न्हाई. पोराकडं पुन्याला ती ऱ्हायची न्हाई, तिथं तिचा जीव गुदमरतो. हितंच ऱ्हानार. मंग हात कुनाचा धरंल? तू धरशील, तुजं लगीन हुईल. आत्या धरंल, ती माझ्याहून म्हातारी." ते थांबले. "हात माझ्यासंगं जाईल गं. कड हितंच ऱ्हाईल. कडंला भिऊन चालन्यापरीस कडंवर इसवास ठेवायला शिकली पाहिजे ती. मी असताना एकदा, एकदाच, लिंबापतुर एकटीनं जाऊन दाखव म्हनतो. बास."

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. म्हणजे काकूंना हात देणं मी बंद केलं, आणि सांगते, हात देण्यापेक्षा न देणं फार अवघड असतं. बोटं आपोआप पुढं जातात.

काकांनी तोपर्यंत लिंबापर्यंतचा रस्ताही आखून टाकला होता. गल्लीतला गतिरोधक, गटारावरच्या फरशीच्या दोन्ही कडा, नळाच्या खड्ड्याचा काठ, पाराची पायरी. जिथं जमीन वरखाली होते तिथं चुना. गल्लीतल्या लोकांना सवय झाली होती, कुणी पुसत नसे. आणि एक त्यांनी केलं, त्यावरून तर सगळी गल्ली त्यांना हसली. आपल्या काळ्या बुटांच्या टाचा पांढऱ्या रंगवल्या. ते पुढं चालायचे आणि काकू पाचसहा हात मागं, काठी टेकत.

"माझी टाच बघ. टाच खाली गेली का उतार. वर गेली का चढ. बाकी कुठं बघू नको."

"आता म्हातारपणी नवऱ्याच्या टाचा बघत चालायचं का मी?" काकू म्हणायच्या. पण चालायच्या. असं करत करत त्या गटाराच्या फरशीपर्यंत यायला लागल्या. मग एक दिवस काका त्यांना फाटकात उभं करून एकटेच लिंबापाशी गेले आणि तिथून म्हणाले, "ये." काकूंनी फाटक धरलं आणि रडायला लागल्या. "आज नको हो. उद्या." काका परत आले. ओरडले नाहीत. "बरं. उद्या," म्हणाले.

तो उद्या रोज पुढं ढकलला जाई. रोज चार वाजता काका लिंबापाशी जाऊन उभे राहत, बाया त्यांना हसत, आणि काकू फाटकातून म्हणत, आज नको.

मुलगा सणाला आला तेव्हा बापाची ही तऱ्हा बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला पोरगा होता, आईवर जीव होता त्याचा. पायऱ्यांवर बसवायला फरशीचे नमुने घेऊन आला होता, फिक्या राखाडी रंगाचे, महागडे. बापाला म्हणाला, "दादा, किती दिवस चुना फासत बसणार? लोक हसतात." काकांनी एक नमुना उचलला, ओट्यावर ठेवला आणि काकूंना विचारलं, "सांग, हितं काय ठिवलंय?" काकू वाकून बघत राहिल्या. ओटा तर कोराच होता त्यांना. मुलानं नमुने गाडीत नेऊन ठेवले. जाताना बापाच्या पायाशी वाकला, तेव्हा त्या पांढऱ्या टाचांवरून त्यानं हात फिरवलेला मी पाहिला.

काका गेले तो सोमवार होता. चैत सुरू झालेला, हवेत धुरळा. सकाळी गच्चीवरून त्यांनी ओरडून सांगितलं, "आज डोंगर न्हाईच!" मग चुन्याची बादली घेऊन बसले. त्या दिवशी त्यांनी घर केलं, मग फाटक, मग गल्लीत उतरले आणि वाकत वाकत लिंबापर्यंत सगळ्या कडा ओढत गेले. मी शाळेत निघाले होते. म्हटलं, काका, दम लागतोय तुम्हाला, उद्या करा बाकीचं. म्हणाले, "झालंच." पारापाशी शेवटचा हात मारला, कमरेवर हात ठेवून मागं बघितलं. सगळा रस्ता ओला, काहीच दिसत नव्हतं.

जेवण करून आरामखुर्चीत बसले, ते उठले नाहीत. डबी खिशातच होती.

मला शाळेत फोन आला. धावत आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मुलगा आणि सून पुण्याहून निघाले होते, ते संध्याकाळच्या आत पोहोचले. पुरुषांनी काकांना आंघोळ घातली. कुणीतरी काडीनं त्यांच्या नखांतला चुना काढायला लागलं, तर काकू आतून म्हणाल्या, "राहू द्या तो." तेवढंच बोलल्या त्या. रडल्या नाहीत. बाया म्हणत होत्या, रडव गं कुणीतरी हिला, नाहीतर छातीत बसेल.

आमच्या गल्लीत मयताबरोबर बाया लिंबापर्यंत जातात, पुढं नाही. पण काकूंना सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही ओट्यावरूनच नमस्कार करा. तिरडी उचलली. मुलगा मडकं घेऊन पुढं, मागं पुरुष. माणसं फाटकाबाहेर पडली तशा काकू उठल्या. काठी घेतली आणि शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

चार दिशांनी हात पुढं आले. आत्यांचा, सुनेचा, माझासुद्धा, काय करू.

"हात सोडा गं," काकू म्हणाल्या. "दिसतंय मला."

खाली बघितलं तर खरंच दिसत होतं. सकाळचा चुना आता खणखणीत वाळला होता. उन्हं कलली होती, धुरळ्यानं सगळी गल्ली एका मातकट रंगाची झाली होती, आणि त्यात पायरी, फाटक, गतिरोधक, फरशी, एकेक कड पांढरीशुभ्र उठून पार लिंबापर्यंत गेली होती. इतकी पांढरी मी ती कधी पाहिली नव्हती, आणि ज्यानं ओढली त्यानं तर पाहिलीच नाही.

काकू उतरल्या. पायरीच्या कडेवर नजर, मग पाय. फाटकाच्या कडेवर नजर, मग पाय. आम्ही सगळ्या मागं, पाचसहा हात सोडून, आणि माझा एक हात माझ्याच दुसऱ्या मनगटाला घट्ट धरून. फरशीवर त्या अडखळल्या. आत्या पुढं झाल्या, मी आत्यांना पदर धरून मागं ओढलं. काकूंनी काठी टेकली, खाली वाकून कड बघितली, आणि ओलांडली.

लिंबापाशी पोचल्या तेव्हा तिरडी कोपऱ्यावरून वळत होती. पारावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या, त्या बाजूला तोंड केलं आणि रोज फाटकातून ओरडायच्या तशाच मोठ्यानं ओरडल्या, "अहो, आले बघा मी!"

मग त्या पारावर बसल्या आणि रडायला लागल्या.